अकरा दिवस

फॅरो बेटांवरच्या ट्वोरोयरी गावात
दारांना कुलपं असतात,
किल्ल्या कुठे ठेवल्यात ते कुणाला आठवत नाही.
शेजारीण येते, किटली चढवते,
तुम्ही घरी नसलात तर एकटीच कॉफी पिऊन जाते.
असल्या गावात रान्वा
मासळीच्या लिलावघराचा सर्व्हर राखते.
काम काय, हे समजावून सांगताना
तिची नेहमी पंचाईत होते.

तिचे वडील जाळी दुरुस्त करायचे.
दातांत दोरा, मांडीवर जाळं.
म्हणायचे, जाळं म्हणजे बहुतेक पोकळीच गं.
कसब गाठीत नाही,
कुठली पोकळी ठेवलेली
आणि कुठली पडलेली, हे ओळखण्यात.

रान्वाला दोन वाटा उघड्या ठेवाव्याच लागतात.
त्यांतूनच डेन्मार्कचा व्यापारी सकाळी सहाला
कॉडचा भाव बघतो, बोली लावतो.
बाकी सगळं बंद.
त्याच वाटेच्या भिंतीत तिसरी पडली,
हे तिला एका यादीनं सांगितलं. यादी जगजाहीर:
आवृत्ती अमुक ते तमुक, धोका गंभीर,
दुरुस्ती ही इथे,
आणि खाली, नमुना म्हणून,
कुठली ओळ लिहिली की दार उघडतं.
औषध नि विष एकाच कागदावर,
एकाच मंगळवारी.

हानुस म्हणाला, शुक्रवारी करू.
आत्ता बोटी येतायत. अर्धा तास बंद म्हणजे
मासा बर्फात, बर्फ पाण्यात.
शुक्रवारी वादळ. वादळात यंत्राला हात लावायचा नसतो.
सोमवारी हानुसच्या बहिणीचं लग्न.
मग पुन्हा बोटी.
असं अकरा दिवस
कुणाचीच चूक नव्हती.

अकराव्या रात्री तिनं विचारलं नाही.
दोन वाजून चाळीस. फरशीला खारट वास.
पडद्यावर ओळी धावतात, थांबतात,
तिच्या पोटात थांबतात, पुन्हा धावतात.
तीन वाजून चार. पूर्ण.
तेवढ्यात लॉगमध्ये कुणीतरी तीच ओळ लिहून बघतं.
पुन्हा. पुन्हा.
राग नाही, नाव नाही.
जाता जाता प्रत्येक कडीला हात लावणाऱ्या
पोरासारखं एक यंत्र;
ट्वोरोयरी हे गाव आहे, हेही त्याला ठाऊक नाही.
कडी हलत नाही. यंत्र पुढे जातं.

इथे कविता संपवता आली असती.
तिलाही घरी जाता आलं असतं.

पण वडील शिवून झाल्यावर
जाळं उजेडासमोर धरायचे.
तिनं धरलं. जुन्या नोंदी, मागे, अजून मागे,
आणि माशांच्या फोटोंच्या फोल्डरात,
एका हॅलिबटच्या शेजारी,
एक फाइल, जी फोटो नाही.
चारशे बारा बाइट.
गुरुवार, पहाटे चार.
हानुस ज्या शुक्रवारी करू म्हणाला होता
त्याच्या आदल्या दिवसाची.

बैल गेला नि झोपा केला, म्हणतो आपण.
या बेटावर बैल नाहीत, आणि गोष्टही उलटी.
झोपा केला, भक्कम केला,
आणि गोठ्यात कुणीतरी आधीच येऊन बसलेलं.
ठिगळ बाहेरच्याला अडवतं.
आतल्यासाठी ते
घर शाकारून दिल्यासारखं.

तिनं केबल उपसली.
हानुसला उठवलं. तो शिव्या देत आला,
पडदा पाहिला, मग नाही दिल्या.
कपाटात खडू शोधू लागला.
त्या सकाळी भाव फळ्यावर लिहिले,
व्यापाऱ्याला फोनवर ओरडून सांगितले,
कॉड गेला, थोडा पडेल भावानं.

रान्वा बाराव्या दिवसामागच्या बॅकअपवरून
सगळं पुन्हा मांडत बसली,
पासवर्ड एकेक बदलत, एकेक कागदावर,
कागद खिशात.
दुपारी घरी टेकली.
मागचं दार वाजलं नाही, नुसतं उघडलं.
माल्विना होती, शेजारची, किटलीकडे चाललेली.
चाळीस वर्षं तशीच येते.

रान्वा दचकली.
माल्विनाच्याही ते लक्षात आलं.
दोघी काही बोलल्या नाहीत.